माही नजर आहे

अपेक्षा : मंग बाबाले खोटं काहून सांगितलं, दादा? म्हणे, 'अपेक्षा उतारावर रडाले लागली, मीच हात धरून खाली आणलं'!

ऋषिकेश : हळू बोल वं. बाबा बाहेर बसून आहेत.

अपेक्षा : ऐकू दे. त्याच्यापायीच तर ते म्हणतात, स्कीइंगचा पुढचा कोर्स नाही. गुलमर्गचं नावच घेऊ नको म्हणे.

ऋषिकेश : अवं, हुडकेश्वरच्या मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, तू कसा उतरला म्हणून. काय सांगू? दोरावरच्या गंडोल्यात बसून आलो?

अपेक्षा : हो, तेच सांगाचं होतं! भेव लागलं तर लागलं. मले नव्हतं लागत? पहिले काही दिवस तर मी फक्त पडून उठाचंच शिकली.

ऋषिकेश : नीट आली ना पण खाली? झालं मंग.

अपेक्षा : झालं? कोर्सच्या सरांनी काय सांगितलं होतं? एक जण उतरते, दुसरा वरून नजर ठेवते. बर्फ सरकला तर कोण कुठं दबलं, हे वरच्यालेच दिसते. तू म्हणाला, 'जा, माही नजर आहे.' त्या भरवशावर गेली मी. मधातच पडली, पायातली एक स्की निसटली. वर पाहिलं, तर कोणीच नाही.

ऋषिकेश : मले वाटलं, उतरली असशील.

अपेक्षा : न पाहताच?

ऋषिकेश : चुकलं ना बाप्पा.

अपेक्षा : अन् तेव्हा मले रागही नाही आला. स्की शोधली, घातली, अन् जे सुटली! एक वळण, दुसरं वळण, पाय आपोआप वळून राहिले होते. येड्यावानी एकटीच हासून राहिली होती मी. इतकी खुश कधीच नव्हती, दादा. अन् त्याच आयत्या पिठावर तू रेघोट्या ओढल्या. सख्खा भाऊ असून.

ऋषिकेश : सांगतो मी बाबाले.

अपेक्षा : आत्ता सांग.

मनोहरराव (बाहेरच्या खोलीतून) : काय चालू आहे गा तुमचं?

ऋषिकेश : काही नाही बाबा! सहजच!

अपेक्षा : बाबा, त्या दिवशी मी एकटीच उतरली होती. दादा गंडोल्यानं आला. मले पुढच्या कोर्सले जायचं आहे.

मनोहरराव : असं? ऋषी काय म्हणते?

अपेक्षा : तो मागच्या दारानं निघून राहिला, बाबा.