भिंतीपलीकडची संत्री

— नाही हो, छाटायचं नाही, तोडायचं. बुंध्यापासून. नुसत्या फांद्याच छाटायच्या असत्या तर मी कोयता घेऊन स्वतःच चढले असते, तुम्हाला कशाला सांगावा धाडला असता — या, आत या आधी, बाहेर उभं राहून बोटं काय गोठवून घेताय, चहा घ्या आणि मग लागा कामाला. त्या स्टुलावर बसा. त्याचा एक पाय डुगडुगतो, भिंतीला टेकवून बसा. गॅसजवळ सरका, लाजू नका, ह्या घरात ऊब म्हणून आहे ती ह्या दोन बर्नरची. काय? झाड चांगलं आहे? चांगलंच आहे, मी कुठे वाईट म्हटलं. वाईट झाड तोडायला माणूस बोलवावा लागतो का, ते मरतं आपलं आपण. लगडलंय फळांनी, मलाही दिसतं, चष्मा आहे मला. पण लगडलंय कुठे ते बघा ना. ह्या खिडकीतून बघा. माझ्या बाजूला किती आहेत? ती दोन, आणि एक ते पक्ष्यानं टोचलेलं. मूळ माझ्या अंगणात, पाणी माझ्या नळाचं, पाला पडतो तो माझ्या दारात, झाडते मी — आणि फळं सगळी भिंतीच्या पलीकडे. ऊन तिकडे आहे ना. माझ्याकडे ऊन येतं ते हजेरी लावायला, कोपऱ्यात जरा उभं राहतं आणि निघून जातं. मग झाड तरी काय करणार, गेलं झुकत झुकत तिकडे. साखर पुरे ना चहाला?

पलीकडे माझी जाऊ. थोरली. एकच घर होतं हे, मग दोघा भावांचं बिनसलं आणि त्यांनी मधोमध भिंत घातली, आणि पुढे भाऊ दोघेही गेले, भिंत राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. मला एक मुलगा, आणि मी कामावर. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होते मी, चादरी इस्त्री करायला — ते मोठं रोलरचं मशीन असतं ना, दोघींनी दोन टोकं धरून चादर आत सोडायची, बोटं सांभाळायची — हे बघा, हा डाग अजून आहे. तर पोर शाळेतून आलं की तिच्याकडे. सोयच होती, मी कशाला नाही म्हणू? पाळणाघर शोधायचं, त्यापेक्षा घरचं माणूस बरं, सगळे म्हणाले, मीही म्हणाले. आणि मी घरी यायचे तर काय — पोर जेवलेलं, तोंड धुतलेलं, डोक्याला तेल, आणि हाताला संत्र्याच्या सालीचा वास. पोट भरलंय आई. मी स्वेटर न काढता भात टाकायचे, भाजी फोडणीला घालायचे, ताट वाढायचे त्याच्यापुढे, आणि तो दोन घास खायचा. भूक म्हणून नाही हो, मला वाईट वाटू नये म्हणून. एवढंसं पोर, आणि मला सांभाळून घ्यायचं. त्यानं ताट ढकललं असतं ना, दोन धपाटे घातले असते आणि मोकळी झाले असते. त्या दोन घासांचं मी काय करायचं, सांगा.

तिचा एक रस्सा होता. हिवाळ्यातला. कोंबडी, गाजरं, कांदे, साधंच सगळं, राजेरजवाड्यांचं काही नाही — पण त्यात ती ह्या संत्र्याची साल टाकायची आणि उतरवताना वरून रस पिळायची. खिडकीच्या काचेवर घाम यायचा तिच्या. हो, माझ्या नाही, तिच्या खिडकीच्या — मला रस्त्यावरून दिसायचं, कामावरून येताना, दोन डोकी पातेल्यावर वाकलेली. एकदा मीही करून बघितला. आता तुम्ही हसाल. चांगली दोन संत्र्यांची साल घातली, हात आखडता नाही घेतला. कडूजहर. मुलानं चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, आई, सालीच्या आतलं पांढरं खरवडलं नाहीस का? म्हटलं, नाही बाबा. मला कुठे कोणी शिकवलंय. तिला विचारायचं? मी? मेले असते पण विचारलं नसतं. टोपली भरून संत्री पाठवायची हो ती, दर हिवाळ्यात, त्याच्याच हातून, तुझ्याच झाडाची आहेत घे म्हणून. माझ्याच झाडाची, आणि देणार ती. मी तशीच टोपली परत. बाजारातून विकत आणायचे मी संत्री, गोड, पातळ सालीची, ढिगानं आणायचे. ती पडून राहायची फ्रिजवर, पार वाळून लिंबाएवढी होईपर्यंत.

भांडकुदळ होती का? छे, तेच तर. भांडकुदळ असती तर माझे दिवस मजेत गेले असते. आवाज म्हणून चढवला नाही कधी. गेली ती. उन्हाळ्यात गेली, झोपेत, ओटा पुसून, भांडी पालथी घालून, कुणाला डॉक्टरकडे धावायला लावलं नाही. मरणसुद्धा टापटीप. मी रडले. असं बघू नका, खरंच रडले, इतक्या वर्षांचा शेजार होता, भिंतीतून एकमेकींचा खोकला ओळखायचो. आणि रडता रडता — तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही काय, आज आहात, उद्या दुसऱ्याच्या झाडावर — रडता रडता मनात आलं, आता तरी हा माझ्याकडे जेवेल. झालं. आलं मनात. मनाला काय झाकण असतं का?

मोठं पातेलं काढलं मी माळ्यावरून. घासलं, पुसलं. मुलगा आता मोठा झालाय, डेपोत मेकॅनिक आहे, हात काळे करून येतो, म्हटलं ह्या वयात भूक असते माणसाला. जेवला आठवडाभर इथे. छान झालंय आई, म्हणायचा. आणि उठून स्वतःचं ताट धुऊन ठेवायचा, पाहुण्यासारखा. मग एक दिवस म्हणाला, काकूचं घर बंद राहिलं तर ओल धरेल, मी तिकडेच झोपत जातो. झोपायला गेला तो चुलीलाच चिकटला. आता थंडी पडली आणि संत्री पिकली, तर रोज तिचाच रस्सा, तिच्याच पातेल्यात, तिच्याच डावानं. मी इथे भाजी चिरत बसते आणि तिकडे डाव पातेल्याच्या काठावर आपटल्याचा आवाज — दोनदा आपटायची ती, आणि हाही दोनदाच आपटतो. सांगा आता. बाई गेली की नाही गेली?

हो ना, वास सुरेख येतोय. भूक लागली? वाढते की, कोंबडीच आहे ह्यात — थांबा. काय म्हणालात, संत्र्याचा वास? हे बघा, झाकण काढते, घ्या. ह्याला कुठे वास आहे, नुसती वाफ आहे. तुम्हाला येतोय तो तिकडचा. रविवार आज, मंद आचेवर ठेवून पाव आणायला गेलाय, नाक्यावर मित्र भेटले की तासाची निश्चिंती. म्हणून तर म्हटलं, चहा आटपा. एकदा झाड आडवं झालं की पुढचं मी बघते. काय बोलेल तो? बोलू दे. ओरडू दे. बाजारातली संत्री नाही चालत त्या रश्शाला, मीच सांगते तुम्हाला, साल हीच लागते, जाड, आंबट. झाड गेलं की तो रस्सा म्हणजे नुसता रस्सा, आणि नुसता रस्सा मलाही येतो.

चला, दार जरा ढकला जोरात, गारठ्यानं फुगलंय. हां. ते गोणपाट सोडा बुंध्याचं आधी, नाहीतर करवतीत अडकेल. गाठ पक्की आहे, असणारच, डेपोतल्या माणसाची आहे. तोच बांधतो. झाडाला थंडी बाधू नये म्हणून. सकाळी कामावर जाताना सोडतो, संध्याकाळी येऊन बांधतो. नाही नाही, भिंतीवरून कसा, बुंधा इकडे आहे ना, इथूनच यावं लागतं, माझ्या स्वयंपाकघरातून. रोज. कितीही दमला तरी. आई, आहेस ना, म्हणतो. आहे, म्हणते मी. मग खाली बसून बांधतो, फुंकर मारतो हातांवर, मी इथे दारात उभी राहते. कधी म्हणतो आज जास्त आहे गारवा, शाल घे. मी म्हणते घेते. मग जातो. बाकी कशाला येईल इकडे, जेवायला तर —

काय?

काय म्हणालात तुम्ही?

— ठेवा ती करवत. ठेवा म्हणते ना खाली. गाठ बांधा परत. तशी नाही, तशी नव्हती ती, दोन वेढे होते आणि गाठ भिंतीच्या बाजूला — सरका, मीच बांधते, तुम्हाला नाही जमायचं. त्याला कळता कामा नये. भुसा नाही ना पडला कुठे? पायाचे ठसे असू देत, मी झाडून काढेन. तुमचं सामान उचला आणि निघा. पुढच्या दारानं जा, नाक्यावरून नका जाऊ. आणि पुन्हा बोलावलं तरी येऊ नका.