नव्या पिना

क्लीव्हलंडच्या कॉमिक्सच्या मेळाव्यात जुनी कॉमिक्स घेणाऱ्या-विकणाऱ्या वेंडेलच्या टेबलापुढे लोरेटा खोका पोटाशी धरून उभी होती. नवरा वारल्यावर त्याची कॉमिक्स तिने विकायला आणली होती. तिच्या पुढच्या म्हाताऱ्याने एक जुनं कॉमिक उचलून आधी हुंगलं, मग उजेडात धरलं.

“वेंडेल, पानं जोडणाऱ्या या पिना नव्या आहेत.”

“झाली तुझी सुरुवात.”

“कागदावर गंजाचा डाग आहे आणि पिना बघ कशा चकाकताहेत. बदलल्यास तू.”

“मी हातही लावलेला नाही. विकणारा म्हणाला, कोरड्या घरात होतं, म्हणून पिना टिकल्या.”

“आणि तू ऐकून घेतलंस? नाव सांग त्या लफंग्याचं. चार लोकांना सावध तरी करतो.”

“तूच विकलंस मला, गस. मागच्या वर्षी, याच हॉलमध्ये.”

गसने कॉमिक पुन्हा उजेडात धरलं.

“मग तेव्हाच नीट बघायचंस ना.”

“तू होतास म्हणून नाही बघितलं.”

“बरं, ते शेजारचं दाखव. ते कुणाचं?”

“तेही तुझंच.”

गसने हातातलं कॉमिक खाली ठेवलं. वेंडेल लोरेटाकडे वळला.

“बोला बाई, काय आणलंय?”

“आमच्या मर्विनची कॉमिक्स आहेत. जन्मभर एकाच माणसाकडून घेत आला. म्हणायचा, माणूस अगदी विश्वासाचा आहे.”

“कोण माणूस?”

लोरेटाने खोका टेबलावर ठेवला नाही; ती गसकडे बघत होती.

“येतो मी, वेंडेल,” गस म्हणाला. “मला जरा घाई आहे.”