उघाडी झाली

बाळांनो, हे माझ्या थोरल्या बहिणीचे, तुमच्या मारीआजीचे बोलणे. ती बोलली तसेच लिहिले आहे.

आपला जन्म कोलशेतचा, खाडीकाठचा, हे पोरांना आधी सांग. खाडीला लागून खाजण, म्हणजे आपली खोलगट भातशेती, मधे मातीचा बांध, आणि बांधाला लाकडी दार, त्याला आपण उघाडी म्हणतो. बांध फुटेलसं वाटलं की बाबा ते दार उपसून पाणी शेतात सोडायचे आणि उघाडी, उघाडी म्हणून ओरडायचे. पीक जायचं पण बांध राहायचा, माणसं राहायची, कारण घरं सगळी वर टेकाडावर. आमचंच तेवढं खाली. जुजेनं बांधलं, माझ्या नवऱ्यानं. तो टिटवाळ्याकडचा, लग्न करून इथं आलेला. बाबा म्हणाले, अरे तिथं बेडकांनी राहावं, तर हा म्हणतो, मामा, शेत दारात पाहिजे.

त्याचा इथला तो पहिलाच पावसाळा. वरून नदीला पूर, खालून उधाणाची भरती. आम्ही टेकाडावर बाबांकडे आलो, पण गाभण शेळी खालीच राहिली. जुजेचा जीव तिच्यात. म्हणाला, उघाडी झाली की आणतो तिला. बाबा बांधावर निघाले होते, म्हणाले, मग पोहतच जा. आम्ही हसलो. काय सांगू तुला बाय, टिटवाळ्याकडे पाऊस थांबला की उघाडी झाली म्हणतात, हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

दुपारी पाऊस जरा ओसरला, आणि तेवढ्यात बांधावरून बाबांची हाक आली, उघाडी, उघाडी. मी चुलीपाशी. जुजे म्हणाला, ऐक, तुझे बाबापण तेच सांगतायत, आणि दोर घेऊन उतरला. मी दारात येते तो खाजणात पाणीच पाणी. शेळी छपरावर सापडली. जुजे सापडला ओहोटी लागल्यावर, बांधाशी, हातात दोर तसाच.

बाबांनी पुन्हा तो शब्द तोंडात घेतला नाही. आता गावात पाणी सोडलं म्हणून ओरडतात. खाली जुजेचं जोतं तेवढं उरलंय, तिथं कुणी घर बांधत नाही.

तुझी नातवंडं परमुलखात नदीकाठी घर घेतायत म्हणतेस. घेऊ देत, देव त्यांचं बरं करो. फक्त पाणी चढलं की तिथली माणसं काय ओरडतात, ते पहिल्याच दिवशी शेजाऱ्याला विचारा म्हणावं. आणि त्याचा अर्थही.