नेरे येथून सायकलवर गेलेल्या बाईंबाबत

जबाब देणार : गौतमी कुशाबा ससार, वय ३१ वर्षे, व्यवसाय सायकल सहलीची मार्गदर्शक, रा. सूस, ता. मुळशी, जि. पुणे.

मला आज बोलावल्यावरून मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहते. दर रविवारी मी पाहुण्यांना सायकलवरून पुण्याच्या पश्चिमेकडच्या वस्त्या दाखवते. बाणेर, सूस, माण, हिंजवडी, मारुंजी आणि शेवटी नेरे येथे न्याहरी, असा रस्ता असतो. आज सोसायटी आहे तिथे आधी कोणाचे शेत होते, हे मी सांगत जाते.

काल रविवारी सकाळी ६.१५ वा. बाणेरहून पाच पाहुणे निघाले. त्यात जयसिंग शितोळे, वय अंदाजे ३८, व त्यांची पत्नी अपूर्वा, वय अंदाजे ३०, हे होते. शितोळे यांनी आधी फोन करून दोघांना मिळून एक डबल सायकल मागितली होती. पत्नीला सायकल येत नाही, चक्कर येते, तिला एकटे सोडायचे नाही, असे त्यांनी सांगितले होते. ते पुढे बसले, अपूर्वाबाई मागे.

सूस येथे थांबलो तेव्हा अपूर्वाबाईंकडे फोन नाही असे दिसले. मी त्यांना विचारले, उत्तर शितोळे यांनी दिले. पडेल म्हणून तो आपल्याकडे ठेवला आहे, असे ते म्हणाले. प्रत्येक थांब्यावर ते पत्नीला हसायला सांगून फोटो काढत व लगेच कोणाला तरी पाठवत. मी विचारल्यावर म्हणाले, सासूबाईंना, त्या काळजी करतात. माण येथे मी अपूर्वाबाईंना दमलात का विचारले. नाही, असे शितोळे म्हणाले. तिथून पुढे रस्ता सरळ असल्याने मी बाकीच्यांना पुढे घालून माझी सायकल या दोघांच्या मागे ठेवली.

मारुंजीच्या अलीकडे अपूर्वाबाईंनी इथून बस कुठे मिळते असे मला विचारले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तुला बस कशाला हवी, असे शितोळे म्हणाले. नंतर त्यांनी मला, तुम्ही दोघी एकमेकींना आधीपासून ओळखता का, असे दोनदा विचारले. आम्ही ओळखत नव्हतो.

सकाळी ८.४० वा. नेरे येथे रत्नाबाई, वय अंदाजे ६०, यांच्या घरी न्याहरीला पोचलो. भाकरी थापून बघायला रत्नाबाईंनी बायकांना आत बोलावले. शितोळेही उठले. रत्नाबाई म्हणाल्या, "तुमी बसा भाऊ. हितं चुलीपाशी जागा न्हाई." ते ओट्यावर दाराकडे तोंड करून बसले.

आत अपूर्वाबाईंनी मला हळू आवाजात सांगितले की, त्यांना सायकल येते, कऱ्हाडला कॉलेजला त्या सायकलनेच जात. चक्कर कधी आलेली नाही. तीन महिन्यांपासून फोन नवऱ्याकडे असून एकटीने दाराबाहेर जाता येत नाही. माहेरी फक्त फोटो जातात. त्या म्हणाल्या, "आईला वाटतं, मी मजेत आहे."

पोलिसांत जायचे का, असे मी विचारले. आधी आईकडे, असे त्या म्हणाल्या.

मागच्या दाराने शेताच्या कडेची वाट मारुंजी रस्त्याला लागते व तिथून हिंजवडीचा बस थांबा जवळ आहे, हे मी सांगितले. माझी सायकल मागच्या दारी होती. तिची सीट मी दोन बोटे खाली केली. मला तसे कोणी सांगितले नव्हते. खिशात होते ते पैसे तिकिटाला दिले. ११२ ला फोन का केला नाही, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. तेव्हा मला ते सुचले नाही.

सकाळी ९.०५ वा. अपूर्वाबाई सायकलवर बसून निघून गेल्या. तोल गेला नाही. वळणावर कोंबड्या आडव्या आल्या म्हणून त्यांनी घंटी वाजवली. ती ऐकून शितोळे आत आले व कोण गेले असे विचारू लागले. रत्नाबाई म्हणाल्या, "पोरगी गेली. भाकरी घ्या, निवतीया."

शितोळे यांनी घर आणि गोठा पाहिला. नंतर डबल सायकल घेऊन एकटेच मारुंजीकडे गेले व वीसेक मिनिटांनी परत आले. माझा दंड धरून तू तिला कुठे पाठवलेस म्हणाले. बाकीचे पाहुणे उठून उभे राहिले तेव्हा दंड सोडला. दंडावर वळ आहे, तो साहेबांना दाखवला. मी त्यांच्या पत्नीला पळवले, अशी त्यांनी इथे दिलेली तक्रार खोटी आहे.

आज दुपारी १२ वा. मला अनोळखी नंबरवरून फोन आला. अपूर्वाबाई बोलत होत्या. त्या कऱ्हाडला आईकडे आहेत व तिथल्या पोलिसांसमोर स्वतः जबाब देणार आहेत. तो नंबर मी साहेबांना दिला आहे. माझी सायकल हिंजवडीत थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवली आहे, असे त्यांनी कळवले. सायकल मी स्वतः दिली होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'पळून गेल्या' असे लिहिले होते. ते खोडून 'निघून गेल्या' असे मी करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही : गौतमी कुशाबा ससार