अस्तरातलं नाव

उसवलेलं अस्तर. रिकामी किटली. बोटभर रेशमी चिंधी. तिच्यावर टंकलेलं एक नाव.

मॉस्कोत, परदेशी कॉम्रेडांच्या वसतिगृहात, उकळत्या पाण्याच्या रांगेत धोबीण अगाफ्यापुढे दोघं बल्गेरियन उभे होते. तासाभरात आंतरराष्ट्रीय परिषद सुरू होणार होती. चोरवाटेनं येणाऱ्यांचं ओळखपत्र रेशमी चिंधीवर टंकून कोटाच्या अस्तरात शिवलेलं असतं, हे अगाफ्याला ठाऊक होतं. रशियनच्या जवळची त्यांची भाषा तिला बरीचशी कळायची. तिनं कान टवकारले.

“दिमो, हे तर किरिलचं नाव आहे.”

“मलाही वाचता येतं, राडका.”

“मग तुझी चिंधी?”

“त्याच्याकडच्या कोटात. किनाऱ्यावर आमचे कोट बदलले.”

“आणि बोट यायच्या आत तो पकडला गेला.”

“हो.”

“मग परिषदेच्या दारावर किरिल म्हणूनच सांग. इथं तुला कोण ओळखतंय?”

“तो खाणीतला, मी शाळामास्तर. हात बघ माझे.”

“खिशात घाल.”

“थट्टा सुचतेय तुला.”

“रांगेत रडत बसू? खरं नाव सांगितलंस तर हेर म्हणून कोंडतील.”

अगाफ्याला राहवलं नाही. “मग कुठलं नाव सांगणार, बाळा?”

“तुम्ही कुठलं सांगितलं असतं, आजी?”

“मी आधी अस्तर टाचलं असतं. असं लोंबतं घेऊन जातात का कुठे?”

तिनं एप्रनला टोचलेली सुई काढली. त्यानं कोटाची कड तिच्यापुढे धरली.

“माझंच सांगतो, राडका.”

“दिमो, ऐक जरा.”

“मी किरिल झालो, तर किरिल तुरुंगात आहे हे इथं कोणाला कळणार?”

किनाऱ्यावर दिमोला हुडहुडी भरली होती, तेव्हा किरिलनं आपला जाड कोट त्याच्या अंगावर घालून त्याचा पातळ कोट स्वतः घेतला होता.