तीस खाटा आणि एक तबक

— नाही, नाही, संध्याताई, निरांजन एवढ्यात लावू नका. गव्हर्नरसाहेबांच्या गाड्या यायला वीस मिनिटं आहेत, आणि छतावरचं ते पांढरं यंत्र पाहिलंत ना? धूर दिसला की बोंबलतं. काल एका उदबत्तीवरून अग्निशामकवाले आले होते — चार वाजून दहा मिनिटांनी, डायरीत लिहिलंय मी. बसा. या खाटेवरच बसा, कोणी झोपलेलं नाही हिच्यावर अजून. तीस खाटा आहेत. चादरी मीच घातल्या, कोपरे मुडपून, आणि प्रत्येक उशाशी नावाचं कार्ड, तेही माझ्याच अक्षरात. अलेमिटू, तिगिस्त, बेकेले — सगळी इथिओपियाची, दुष्काळात आईबाप गेलेली. शाळा उघडली की येणार. म्हणजे — येणार होती.

औक्षणाची कल्पना माझी नाही हो. हॅल्व्हर्सनसाहेबांची, आमच्या डायरेक्टरांची. दिवाळीला मी त्यांना आपल्या महाराष्ट्र मंडळात घेऊन आलो, तिथेच चुकलं. तुम्ही पाहुण्यांना ओवाळलंत ते त्यांना फार आवडलं. म्हणाले, पुरुषोत्तम, गव्हर्नरचं असंच स्वागत करू, आणि एखादी छोटी मुलगीही आण. मी म्हटलं, साहेब, हे आमच्याकडचं आहे, आफ्रिकेतलं नाही. तर हसले. म्हणाले, इथे नेपरव्हिलमध्ये कोणाला कळतंय?

तुमच्या मृणालिनीला? तिला काही नाही, फक्त त्या खिडकीजवळच्या खाटेवर बसायचं. फोटो निघेपर्यंत. बोलायचं मात्र नाही — तोंड उघडलं की शिकागोचं इंग्रजी बाहेर येईल ना, म्हणून. छे, ती अनाथ आहे असं कोणी म्हणणार नाही! तिगिस्तचं कार्ड आपलं नुसतं मागे असेल. असं बघू नका ना माझ्याकडे.

मुलं कुठायत म्हणता? ती वाटेत — नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, तुमच्या हातचं जेवलोय मी. तीन ऑक्टोबरला इथिओपियाहून टेलेक्स आला. मुलं येणार नाहीत. तिकडच्या लोकांनी ठरवलं, मुलांना त्यांच्याच मुलखात, नात्यागोत्यात वाढवायचं. चांगलंच झालं की! मला तर मनातून बरं वाटलं. पण साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. गव्हर्नर आज शाळेला सरकारी जमीन जाहीर करणार आहेत, तेवढं होऊ दे म्हणाले, मुलं काय, दुसरीकडची मिळतील. मिळतील! — आणि मी? एकोणीस वर्षं रोज डायरी लिहितोय, ताई, बर्फ किती इंच पडला, ताप किती चढला, सगळ्याची नोंद आहे. त्या दिवशीच्या पानावर काय लिहिलंय सांगू? 'आज विशेष काही नाही.'

का म्हणजे? माझा ग्रीन कार्डाचा अर्ज याच शाळेच्या नावावर आहे. शाळाच नाही तर मी सुपरिंटेंडेंट कशाचा? चार वर्षं झाली, शोभा नागपुरात बसलीय माझ्या कागदांची वाट बघत. दर पत्रात विचारते, मुलं आली का हो, थंडीचे कपडे आहेत का त्यांना. मी लिहितो, येतील. आहेत. आता तुम्हीच सांगा, नाही कोणत्या तोंडाने म्हणू? दहाच मिनिटं तर बसायचंय हिला, ताई, दहा मिनिटं, मग मी स्वतः ड्राइव्ह करून सोडतो घरी —

काय विचारतेय ती? 'आई, हू इज तिगिस्त? इज शी डेड?' — नाही गं बाळा. जिवंत आहे. तिच्या घरी आहे ती.

…

कोट घाला तिला. नाही, घालाच. स्वयंपाकघरातून मागचं दार उघडं आहे, पायरीवर बर्फ आहे, जपून उतरा. आणि मला काही म्हणू नका आता. — तबक? तबक राहू द्या इथेच. हो, माहीत आहे हो, पुरुष नाही करत औक्षण. नेपरव्हिलमध्ये कोणाला कळतंय? काडेपेटी आहे माझ्याकडे. आणि ते छतावरचं यंत्र बोंबललं तर बोंबलू दे. जा ना, ताई — गाड्यांची दारं वाजली.