पिवळा चिमटा

मी, रजिस्टरला नाव नोंदवल्याप्रमाणे, वय सत्तेचाळीस, धंदा पंखे व पाण्याच्या मोटारी दुरुस्ती, राहणार बंद छापखान्यामागच्या गल्लीत, दुकानावरच्या खोलीत, आज ठाण्यात बोलावल्यावरून हजर होऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. समोरच्या इमारतीत माझा सख्खा मोठा भाऊ व वहिनी राहतात. भावाचे चष्म्यांचे दुकान आहे. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा असून मी त्याला दादा म्हणतो. वडील लवकर गेल्यामुळे मला त्यानेच वाढवले. माझे दोन्ही वेळचे जेवण त्याच्याच घरी होते, म्हणजे परवापर्यंत होत होते.

आमचा रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींचा क्लब आहे. दादा त्याचा अध्यक्ष आहे. हवालदारसाहेबांनी इथे 'खेळण्यातल्या मोटारी' असे लिहायला घेतले होते, ते मी थांबवले. गाडी बुटांच्या खोक्याएवढी असली तरी सरळ रस्त्यावर सायकलवाल्याला सहज मागे टाकते, आणि ज्याच्या नडगीवर बसते त्याला ती खेळणे वाटत नाही. उन्हाळ्यात आम्ही मोकळ्या मैदानावर धावतो. थंडीत ते जमत नाही. बोटे आखडतात, बॅटरी निम्म्यातच मान टाकते आणि अंधार लवकर पडतो. म्हणून यंदा हिवाळ्यापुरता छापखान्याचा रिकामा हॉल मालकाकडून मागून घेतला आणि आत ट्रॅक बांधायचे ठरले.

ट्रॅक मी बांधला. मचाण, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांनी उभे राहायची उंच जागा, तेवढी क्लबातल्या सुताराने केली. बाकी जमिनीवरचे शाईचे आणि ग्रीसचे डाग खरवडणे, लोखंडी खांबांना गादीचा फोम गुंडाळणे, दिव्यांच्या वायरी ओढणे, प्लास्टिकचे पाइप उभे चिरून वळणांच्या कडा करणे, हे सगळे दुकान बंद ठेवून मी केले. खाली अंथरायला एका कचेरीने काढून टाकलेला गालिचा मिळाला, तोही तुकड्या-तुकड्यांचा. तुकडे जोडताना लव सगळीकडे एकाच दिशेला लागावी लागते, नाहीतर गाडी एका वळणाला चिकटते आणि पुढच्याला घसरते. माझे निम्मे तुकडे उलटे लागले होते. दादाने खुर्चीत बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने ते ओळखले आणि म्हणाला, "उचल सगळं." मी उचलले. उकिडवे बसून माझी कंबर कामातून गेली. ही तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्यात कामाची वाटणी लहानपणापासून तशीच आहे.

ट्रॅकच्या आकारावरून आमच्यात वाद झाला हे खरे आहे. मला आखूड वळणे जास्त हवी होती आणि दादाला भिंतीलगत लांब सरळ पट्टा हवा होता. दादाची गाडी सरळ रेषेत वाऱ्यासारखी जाते आणि वळण आले की तिची नाटके सुरू होतात, हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे. मी सुतारासमोर म्हणालो, "मग वळणं ठेवतोस तरी कशाला? विमानतळच कर." सुतार हसला. दादा हसला नाही. शेवटी पट्टा दादाच्या मनासारखाच झाला. भांडण म्हणायचे तर ते एवढेच.

पुढचा भाग साहेबांनी दोनदा विचारल्यामुळे सावकाश सांगतो. आमच्या जुन्या पद्धतीच्या रिमोटांना प्रत्येकी रेडिओची एक ठरावीक लहर असते. एकाच लहरीचे दोन रिमोट एकदम चालू झाले तर कोणाचे ऐकावे ते गाडीला कळत नाही, आणि जो रिमोट तिच्या जवळ असेल त्याचे ती ऐकते. म्हणून हॉलच्या दारापाशी एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक लहरीच्या रंगाचा एक कपड्यांचा चिमटा असतो. तो चिमटा ज्याच्या रिमोटला लावलेला, त्यानेच रिमोट चालू करायचा. चिमट्याशिवाय जो चालू करील तो त्या हिवाळ्यापुरता क्लबाबाहेर. हा नियम दादाने केला आणि फळीवर तो दादाच्याच अक्षरात आहे.

आता बहुतेकांनी नवे रिमोट घेतले आहेत, त्यांना चिमटा लागत नाही. जुने उरले ते दादाचा आणि माझा, असे दोनच. एकाच दिवशी घेतलेले, दोन्ही पिवळ्या चिमट्याचे. त्यामुळे आम्ही दोघे एका गटात, एकमेकांविरुद्ध, आजवर कधी धावलेलो नाही. दादाची शर्यत झाली की तो चिमटा काढून माझ्या हातात देतो आणि "घे" म्हणतो. घे म्हणजे माझा बंद आहे, तू चालू कर. त्यानंतर मी कधी काही तपासले नाही. सख्ख्या भावाचा रिमोट कोण तपासतो? मला नवा घेता आला असता. घेतला नाही, कारण मग चिमटा द्यायला दादाला कोणी उरले नसते.

गेल्या रविवारी ट्रॅकवरची पहिली शर्यत होती. फेऱ्या मोजायला वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. त्या दिवशी ठरलेल्या वेळात ज्याच्या फेऱ्या सर्वांत जास्त होतील त्याचा आकडा विक्रम म्हणून खडूने भिंतीवर लिहायचा आणि तो हिवाळाभर तिथे राहणार, असे ठरले होते. पहिल्या गटात दादा जिंकला. त्याने चिमटा माझ्या हातात दिला आणि "घे" म्हणाला. ज्याची शर्यत संपली त्याने पुढच्या गटासाठी वळणावर उभे राहायचे आणि उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या, अशी पद्धत आहे. जाताना रिमोट मांडणीवर ठेवून जायचे. दादा लांब पट्ट्याच्या टोकाच्या वळणावर जाऊन उभा राहिला. अंगात जाड कोट होता. हॉलमध्ये हुडहुडी भरेल अशी थंडी होती, त्यामुळे कोटाचे मला काही वाटले नाही.

माझी गाडी त्या दिवशी शहाण्या मुलासारखी चालत होती. वहिनी दर फेरीला आकडा मोठ्याने सांगत होत्या. मी दादाच्या फेऱ्या गाठल्या आणि वेळ अजून शिल्लक होता. सुतार माझ्या शेजारून ओरडला, "आज थोरल्यांचं काही खरं नाही!" त्याच्या पुढच्याच फेरीत, लांब पट्ट्यावर, गाडीने माझे ऐकणे सोडले. मी रिमोटचा घोडा सोडला होता, म्हणजे गाडीने मंद व्हायला हवे. ती सुसाट सुटली, वळणाचा पाइप ओलांडून गेली आणि दादाच्या नडगीवर बसली. दादाचा तोल गेला आणि तो मागच्या खांबाच्या लोखंडी बैठकीवर आपटला. फोम खांबाला होता, बैठकीला नव्हता. ती चूक माझी आहे. दादाचा खुबा मोडल्याचे नंतर हॉस्पिटलात कळले.

मचाणावरून उडी टाकून मी सगळ्यांच्या आधी पोचलो. दादाचा कोट बाजूला झाला होता. आत त्याचा रिमोट गळ्यात पट्ट्याने अडकवलेला होता आणि त्याचा लाल दिवा लागलेला होता. दादाने माझ्याकडे बघितले. मी रिमोट बंद केला, पट्टा त्याच्या डोक्यातून काढला आणि सगळे ॲम्ब्युलन्सच्या गडबडीत असताना रिमोट स्वेटरखाली धरून मांडणीवर नेऊन ठेवला. हे मी आपण होऊन सांगत आहे. मला वाटले, दादा बंद करायला विसरला. नियम करणारा स्वतःच नियमात सापडला हे लोकांना कळले तर त्याला क्लबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

विसरून चालू राहिला असता तर माझ्या गाडीने पहिल्याच वळणावर थयथयाट केला असता. ती इतका वेळ नीट चालली, याचा अर्थ रिमोट मधेच चालू केला गेला. असल्याच वस्तू उघडून बघण्यात माझा जन्म गेला आहे. मला हे तिथल्या तिथे कळायला हवे होते. कळले नाही, कारण कळून घ्यायचे नव्हते.

परवा सुतार माझ्या दुकानात आला. तो बराच वेळ काउंटरवरचा पंखा हाताने फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "हॉलची किल्ली दे. सगळ्यांनी मलाच पाठवलं, मी काय करू? दादांनी पोलिसांना सांगितलंय, भांडण होतं म्हणून तू मुद्दाम गाडी अंगावर घातलीस. आता सगळे म्हणतात, जो सख्ख्या भावावर घालतो तो आमच्यावर कशावरून घालणार नाही?" मी विचारले, "तुला काय वाटतं? तू माझ्या शेजारी उभा होतास." तो म्हणाला, "मी गाडीकडे बघत होतो, तुझ्या बोटांकडे नाही." मी किल्ली दिली. तो गेल्यावर मी एका मोटारीची वाइंडिंग करायला घेतली, पण तार सारखी तुटत होती.

मी दुकान तसेच उघडे टाकून हॉस्पिटलात गेलो. वहिनी वॉर्डाबाहेर बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांना रडू आले. म्हणाल्या, "भाऊजी, मी मोजता मोजता बघत होते. ह्यांनी कोटात हात घातला तेव्हाच मी मानेनं नको नको म्हटलं. भाऊजींची मस्करी करायची ही वेळ आहे का?" मी विचारले, "वहिनी, हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत का?" त्यांनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

आत दादा पाय बांधून पडला होता. मी विचारले, "दादा, तू असं का सांगितलंस?"

तो म्हणाला, "अपघात म्हटलं असतं तर गाडी का बिथरली ते बघायला सगळे बसले असते. हळूहळू माझ्या रिमोटपर्यंत आले असते. तू मुद्दाम केलंस म्हटलं की गाडी कोणी बघत नाही."

"आणि मी?"

"अरे, तुझी एक फेरी घालवावी म्हणून जरासा घोडा दाबला. ती माझ्याच अंगावर येईल असं कुठं वाटलं मला?"

"मी विचारतोय, आणि मी?"

"तू धाकटा आहेस. तुझं काय जातंय? दोन दिवस बोलतील आणि विसरतील. माझं तसं नाही. मी अध्यक्ष आहे." मग त्याने पाणी मागितले. मी दिले. त्याला उठता येत नसल्याने मान उचलून धरावी लागली.

माझे काय जाते, तेही लिहून घ्यावे. जो हॉल मी गुडघे टेकून घासला त्याच्या दारात मला उभे करत नाहीत. गिऱ्हाईक आपली मोटार न्यायला येते ते दुकानाच्या पायरीवरूनच हात पुढे करते. भावाला मोडून ठेवणारा म्हणून मी आता या गल्लीत ओळखला जातो, आणि ती ओळख मला त्याच भावाने दिली. मला फार वाईट वाटले. आधी राग यायला हवा होता, तो घरी आल्यावर आला. त्याला तो विक्रम एवढा हवा होता तर त्याने नुसते म्हणायचे होते. मी गाडी पाइपाला घासून उभी केली असती आणि कोणाला संशयही येऊ दिला नसता. अशा किती शर्यती मी त्याला सोडल्या आहेत ते त्याला माहीत नाही.

मी गाडी जाणूनबुजून कोणाच्या अंगावर घातलेली नाही. साहेबांनी विचारले, वहिनींना साक्षीला बोलवायचे का? बोलावू नये. त्या खरे बोलल्या तर त्यांना त्याच घरात राहायचे आहे, आणि खोटे बोलल्या तर मला ते ऐकायचे नाही. मग तुमच्या म्हणण्याला पुरावा काय, असे साहेबांनी विचारले. पुरावा नाही. तो दिवा मीच बंद केला. भावाविरुद्ध उलट तक्रार द्यायची आहे का, असेही विचारले. द्यायची नाही.

हा जबाब लेखनिक हवालदारांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मी त्यांना मधे कुठे अडवले नाही. वाचून झाल्यावर एक दुरुस्ती सांगितली. एवढी पाने पुन्हा लिहिता येणार नाहीत असे ते म्हणाल्याने ती इथेच नोंदवली आहे. वरील मजकुरात जिथे जिथे 'दादा' असे आले आहे, तिथे तिथे 'जखमी इसम' असे वाचावे. या दुरुस्तीसह सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.